जुनी काँसर्टिना घेऊ का? (नवशिकी आहे, सल्ला हवा)

शलाका_शे
मंडळी, मदत हवी आहे. मी शेफिल्डला राहते. इथल्या एका पबमध्ये दर आठवड्याला लोकसंगीतवाले जमतात. फिडल, बासरी, गिटार घेऊन गोल करून बसतात, कुणीही यावं आणि वाजवावं. त्यात एक आजोबा काँसर्टिना वाजवतात. दोन तळहातांत मावणारी षट्कोनी पेटी, मध्ये भाता, दोन्ही बाजूंना बटणं. त्या आवाजाने मला पुरतं येडं केलंय.

आता एका जुन्या वस्तूंच्या दुकानात तशीच एक दिसली. महोगनीची, दोन्ही बाजूंना कोरीव जाळी, लंबगोल पट्टीवर 'लाशनाल अँड कंपनी, लंडन'. बटणं मोजली, ४८ आहेत. दुकानदार ५५० पौंड म्हणतोय. "व्हिक्टोरियन आहे आणि वाजते" यापलीकडे त्याला काही ठाऊक नाही. माझं म्हणाल तर लहानपणी पेटीवर (म्हणजे हार्मोनियमवर) गांधर्वची प्रवेशिका पूर्ण केली, पुढे काही नाही.

नवशिक्याने शंभराच्या वर वय असलेलं वाद्य घ्यावं का? की आधी नवं, स्वस्तातलं घेऊन हात बसवावा? नवरा म्हणतो आधी सहा महिने यूट्यूब बघ. त्याला या धाग्याची लिंक देणार नाहीये.

उगाच
प्रवेशिका पूर्ण म्हणजे भूप येत असणार. भूपाला लागतात पाच स्वर. उरलेली ४३ बटणं परत करा आणि तेवढे पैसे कमी करून घ्या.

काळीदोन
सांगलीत पेट्या दुरुस्त करतो, हौस म्हणून. काँसर्टिना कधी उघडलेली नाही, पण रीड (स्वर काढणारी धातूची पातळ पट्टी) ती रीड आणि भाता तो भाता.

जुनी पॅरिस रीडची पेटी विकायला निघाली की आमच्याकडे उड्या पडतात. पण उडी मारणाऱ्याच्या ओळखीत दुरुस्तीवाला असतो, हे लक्षात घ्या. लाकूड आणि धातू शंभर वर्षं सहज काढतात. चामडं, फेल्ट आणि सरस नाही काढत. त्यामुळे 'वाजते' याला फारसा अर्थ नाही. माझं मत विचाराल तर घेऊ नका.

तरी एक सांगा. एकच बटण दाबून ठेवलं आणि भाता आधी ओढला, मग दाबला, तर स्वर तोच राहतो की बदलतो?

क्लेअरकाकू
काळीदोन, काँसर्टिना न बघता नेमका प्रश्न विचारलात. सगळं त्यावरच आहे.

आम्ही आयर्लंडमध्ये एनिसला असतो, काउंटी क्लेअर. इथे शाळेतली पोरंसुद्धा काँसर्टिना वाजवतात. आधी माझी लेक शिकली, मग तिच्या मागून मी. शलाका, काँसर्टिना नावाची एकच वस्तू नसते. दिसायला सगळ्या बहिणी, पण वाजवायला एकीचा दुसरीशी संबंध नाही.

इंग्लिश: ओढा की दाबा, स्वर तोच. पण सप्तक दोन हातांत वाटलेलं असतं. सा एका हाताला, रे दुसऱ्या, ग परत पहिल्या.

अँग्लो: माउथ ऑर्गन वाजवलाय ना कुणी? फुंकलं की एक स्वर, ओढलं की दुसरा. तसंच. खालचे स्वर डाव्या हाताला, वरचे उजव्या. आयरिश संगीतात जवळपास सगळे हीच वाजवतात, ३० बटणांची, सी/जी पट्टीतली. सारखा भाता उलटापालटा होत असल्याने सुरावटीला आपोआप एक उसळी येते, नाचाच्या चालींना ती हवीच असते.

तिसरी ड्युएट. डावा हात खालचे स्वर, उजवा वरचे, आणि दोन्ही दिशांना स्वर तोच. तिच्यात परत मॅकॅन, क्रेन, हेडन अशा पोटजाती आहेत. तिच्या वाटेला तूर्त जाऊ नका.

तुमच्या पबमध्ये काय वाजवतात? आयरिश असेल तर ४८ बटणांची पेटी कितीही देखणी असली तरी तिच्याकडे पाठ फिरवा.

शलाका_शे
बापरे, हे काहीच माहीत नव्हतं. आज दुकानात जाऊन बघितलं. ओढताना-दाबताना स्वर तोच राहतो. अंगठ्यासाठी दोन्हीकडे चामड्याचे छोटे पट्टे आहेत आणि करंगळी टेकवायला पितळी पत्रा.

क्लेअरकाकू
म्हणजे इंग्लिशच. अँग्लोला अंगठ्याचे पट्टे नसतात, अख्खा हात अडकवायचा पट्टा असतो.

रमाकांत_ब्रॅडफर्ड
काकू, एवढ्या लवकर पाठ फिरवायला लावू नका. शेफिल्ड म्हणजे क्लेअर नव्हे. इथल्या सेशनमध्ये इंग्लिश चाली असतात, उत्तरेकडच्या नॉर्थम्ब्रियाच्या असतात, आणि त्या भागात इंग्लिश काँसर्टिना मुरलेली आहे. ॲलिस्टर अँडरसन यांचं वादन ऐका, हे वाद्य कुठवर जातं ते कळेल. आमच्या यॉर्कशरमध्ये तर एकेकाळी नुसत्या काँसर्टिनांचे बँड होते, गिरणी कामगारांचे. स्पर्धा व्हायच्या.

दुसरं म्हणजे शलाकाताई पेटीवरून येतायत. पेटीवर भाता कुठेही असला तरी बोट तिथेच पडतं. तीच सवय इंग्लिशला चालते. अँग्लोवर पहिल्या दिवसापासून भांडण. शिवाय ४८ बटणांत साडेतीन सप्तकं, सगळे कोमल-तीव्र स्वर हजर. तळाचा स्वर व्हायोलिनच्या तळाच्या तारेचा. अभंग काय, नाट्यगीत काय, कुठल्याही पट्टीत वाजवा.

क्लेअरकाकू
@रमाकांत, इंग्लिश चालींचंच म्हणत असाल तर ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टनचे विल्यम किंबर मॉरिस या इंग्लिश लोकनाचांना अँग्लोच वाजवायचे. १८९९ च्या नाताळात लोकसंगीत जमवणारे सेसिल शार्प यांनी त्यांना ऐकलं आणि तिथून पुढे त्या चाली टिपून घेण्याचं काम सुरू झालं. तेव्हा इंग्लंड म्हणजे इंग्लिश, असं समीकरण मांडू नका :)

पण पेटीच्या सवयीचा मुद्दा मान्य.

रमाकांत_ब्रॅडफर्ड
किंबर मान्य. एक-एक.

बारावी_सायन्स
शोधत बसले तर कळलं की ही इंग्लिश काँसर्टिना चार्ल्स व्हीटस्टन यांची. १८४४ चं पेटंट. हे तेच का हो, फिजिक्समधल्या व्हीटस्टन ब्रिज सर्किटवाले??

उगाच
तेच. बारावीच्या प्रॅक्टिकलला गॅल्व्हॅनोमीटरचा काटा शून्यावर येईना म्हणून मी ज्यांना शिव्या घातल्या ते.

रमाकांत_ब्रॅडफर्ड
त्या शिव्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या. ब्रिज आधी सॅम्युएल हंटर ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडला, व्हीटस्टन यांनी तो दहा वर्षांनी लोकांपुढे आणला आणि नाव त्यांचं चिकटलं. काँसर्टिना मात्र खरंच त्यांची. अँग्लोचं मूळ जर्मनीत, केमनिट्सच्या उलिग यांनी १८३४ च्या सुमारास केलेल्या वाद्यात. आणि तुमच्या पट्टीवरचं लाशनाल म्हणजे लुई लाशनाल. मूळचे स्विस, व्हीटस्टनकडे काम करत होते, मग स्वतःचा कारखाना काढला. स्वस्तातल्यापासून उंचीपर्यंत सगळे दर्जे ते बनवत. म्हणून 'लाशनाल आहे' एवढ्यावर किंमत ठरत नाही.

सुरेल_अडाणी
मुळात असल्या ठोकळ्या स्वरांच्या वाद्यावर आपलं संगीत वाजवायचंच कशाला? मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं) नाही, बारा स्वरांमधल्या बारीक श्रुती नाहीत. रेडिओने पेटीवर बंदी घातली होती ती उगाच नव्हे.

काळीदोन
आलं का हे. १९४० ला घातली आणि १९७१ ला त्यांनाच उठवावी लागली. मधल्या तीस वर्षांत महाराष्ट्रात एक कीर्तन, एक संगीत नाटक पेटीवाचून झालं असेल तर दाखवा. गोविंदराव टेंब्यांच्या प्रांतात बसून हे बोलायचं म्हणजे कमाल आहे.

सुरेल_अडाणी
लोकप्रिय असणं आणि योग्य असणं यात फरक असतो. असो.

रमाकांत_ब्रॅडफर्ड
गंमत बघा, श्रुतींच्या बाबतीत व्हीटस्टन तुमच्या बाजूचे निघतील. इंग्लिश काँसर्टिनाच्या एका सप्तकात १२ नाही, १४ बटणं असतात. डी शार्प वेगळा आणि ई फ्लॅट वेगळा, तसंच जी शार्प आणि ए फ्लॅट. सुरुवातीला ते खरंच वेगवेगळे लावलेले असत. पुढे सगळं समान अंतरांच्या सप्तकात लावायला लागले आणि त्या जोड्या एकाच स्वराच्या झाल्या. बटणं मात्र अजून तिथेच आहेत.

सुरेल_अडाणी
हे माहीत नव्हतं. आवडलं. तरी मींड नाहीच.

धाग्याचा_दोरा
पेटी हवी की नको यावर आधीच तीन धागे पडून आहेत, प्रत्येकी दोनशे प्रतिसादांचे. कृपया तिकडे जाऊन भांडा. शलाकाताई बिचाऱ्या दुकानाबाहेर उभ्या आहेत.

काळीदोन
बरं. ताई, घ्यायचीच असेल तर बघून घ्या. मी दोन दिवस या वाद्याची पोटातली चित्रं बघत होतो. हे करा:

एका बाजूचे पट्टे धरून दुसरी बाजू खाली लोंबू द्या, एकही बटण न दाबता. भाता घट्ट असेल तर तो हळूहळू, नाइलाजाने उघडतो. धपकन खाली आला तर हवा कुठून तरी पळतेय. मग प्रत्येक बटण ओढून आणि दाबून, दोन्ही वाजवा. स्वर तोच असला तरी रीड दोन असतात, एक ओढायची, एक दाबायची. ४८ बटणं म्हणजे ९६ रीड. एक बाजू गाते आणि दुसरी घशात बोलते, असं बरंच सापडेल.

रीड कशाची आहे ते विचारा. पोलाद की पितळ.

आणि फोनवर ट्यूनर लावा. जुन्या इंग्रजी वाद्यांत ए हा स्वर आजच्यासारखा ४४० हर्ट्झचा नसून ४५२ च्या आसपास लावलेला असतो असं वाचलं. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी एक दाबली की आवाज पांढरी एक आणि काळी एक यांच्या जवळजवळ मधोमध येणार. एकटीने वाजवायला हरकत नाही, पण पबात बाकीच्यांबरोबर वाजवलंत तर लोक ग्लास खाली ठेवून बघतील.

नीरजा_ठाणे
मग सगळ्या रीड उतरवून घ्यायच्या ना? आमच्या पेटीवाल्या काकांनी एका दुपारात पेटी लावून दिली होती.

काळीदोन
दोन-चार स्वर हललेत ते जागेवर आणणं वेगळं. रीडचं टोक खरवडलं की स्वर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. इथे अर्ध्या स्वराच्या निम्म्याने उतरवायचं, तेही सगळ्या ९६. म्हणजे प्रत्येक रीड बुडाशी, जिथे तिला जोर हवा नेमकी तिथेच, बारीक करायची. पोलादाचं निभावतं. जुनं पितळ असेल तर मी तरी दहादा विचार करीन.

नीरजा_ठाणे
पण आपल्या पेटीत सगळं पितळच असतं की!

काळीदोन
असतं. पण आपली रीड बघा केवढी ऐसपैस. काँसर्टिनाच्या वरच्या स्वरांची जीभ नखाएवढी. त्यात पितळ थकतं, सुरातून हलतं, कधी तुटतं.

क्लेअरकाकू
आणि आवाज. पितळी रीडचा आवाज गोड, मऊ, गाण्याच्या साथीला छान. पण पाच फिडलींमध्ये तुमचा तुम्हालाच ऐकू येणार नाही. सेशनला पोलादच हवं.

बटणं पांढरी आहेत का? असतील तर हाडाची की हस्तिदंती ते बघा. लाशनालच्या साध्या दर्जाला बहुतेक हाडच असतं, त्यात बारीक काळपट ठिपके-रेघा दिसतात. हस्तिदंत असेल तर ब्रिटनमध्ये २०१८ चा कायदा आहे, २०२२ पासून लागू. १९७५ च्या आधीचं वाद्य आणि हस्तिदंत २० टक्क्यांहून कमी असेल तर विकता येतं, पण नोंदणी केल्यावरच. ती दुकानदाराने केली आहे का विचारा.

विमानतळावरून
आणि तसली बटणं असतील तर सुट्टीत भारतात घेऊन येऊ नका. आपल्याकडे हस्तिदंताच्या बाबतीत 'अहो, पणजोबांच्या काळातलं आहे' हे कस्टमवाल्याला सांगून सुटका नाही.

नीरजा_ठाणे
भारतात आणलं तर पावसाळ्यात टिकेल का पण? आमच्याकडे जुलैत दारं लागत नाहीत.

क्लेअरकाकू
रीडच्या चौकटी लाकडी पाटीत नुसत्या खोचून बसवलेल्या असतात, खिळा नाही की स्क्रू नाही. लाकूड फुगलं की चौकट आवळली जाते आणि रीड अडकते. पोलादाला वर गंज. इथे उलट. हिवाळ्यात घरातल्या हीटरने लाकूड आक्रसतं, चौकटी सैल होतात आणि वाद्य गुणगुणायला लागतं. त्यामुळे शलाका, हीटरशेजारच्या शेल्फवर शोभेला ठेवू नका.

सौरभ_पी
एवढं सगळं ऐकून प्रश्न पडतो, नवीच का नको? नवशिक्यांसाठी रोशेल ही अँग्लो आणि जॅकी ही इंग्लिश मिळते, चीनमध्ये बनवलेल्या. पुढे त्याच कंपनीची वरची घ्यायची झाली तर जुनी परत घेतात.

रमाकांत_ब्रॅडफर्ड
जॅकी वाजवून पाहिली आहे. आकाराने मोठी, आत अकॉर्डियनच्या धर्तीच्या रीड, बटणं ३०. त्यामुळे वरचे स्वर नाहीत. शिकायला बरी आहे, सुरात असते, बटण दाबलं की उठतं. कुठल्या तरी ऑनलाइन दुकानातलं बिननावाचं वीस बटणी लाल खेळणं घेण्यापेक्षा शंभर पटींनी बरी. पण लाशनालचा आवाज एकदा कानात बसला असेल तर मन लागणार नाही.

उगाच
यूट्यूबवर सहा महिने बघण्याचा पर्याय कुणीच विचारात घेत नाहीये. त्या गरीब पुरुषाची बाजू मांडणारं इथे कोणी नाही का?

शलाका_शे
त्या गरीब पुरुषानेच काल मला गाडीतून दुकानात नेलं. सोबत पबातले आजोबा. आजोबांनी दुकानदाराला विचारून खिशातला छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि एका बाजूचे सहा स्क्रू सोडवले. जाळीची बाजू अलगद उचलली गेली. आत चक्राच्या आऱ्यांसारख्या गोल मांडलेल्या रीड, लहान-लहान होत गेलेल्या, प्रत्येकीच्या चौकटीवर ठोकलेलं अक्षर. किती वेळ बघत बसले असते कोण जाणे.

पण. रीड पिवळ्या. पितळ. त्यांच्यावरच्या पांढऱ्या चामड्याच्या झडपा वाळून वर वळलेल्या. भात्याच्या एका कोपऱ्यावर कुणीतरी कपड्याची चिकटपट्टी लावली होती, लोंबवून बघितला तर तीन सेकंदांत खाली. फोनवर ए दाबला, काटा ए आणि ए शार्पच्या मध्ये जाऊन बसला. काळीदोन, तुम्ही सांगलीत बसून सांगितलंत तसंच. बटणं हाडाची, ठिपके दिसले, ती एक बरी बातमी.

आजोबांच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोटो पाठवले. झडपा, बटणांखालच्या गाद्या, भात्याचा कोपरा आणि सूर लावणं मिळून ४५० पौंड आणि त्याच्याकडे रांग वसंतापर्यंत. पितळी रीड ४४० ला उतरवायच्या का, हे उघडल्यावरच सांगेन म्हणाला.

सौरभ_पी
५५० + ४५० = १०००. आणि तरी पितळ.

रमाकांत_ब्रॅडफर्ड
त्या पैशात फक्त काँसर्टिनांचाच व्यवहार करणाऱ्याकडून पोलादी रीडची, दुरुस्त केलेली ४८ बटणी लाशनाल शोधा. इंग्लिश असण्याचा हा फायदा. आयरिश संगीतामुळे ३० बटणी अँग्लोच्या किमती चढल्यात, काकूंच्या लाडक्या, जेफ्रीज नावाच्या जुन्या अँग्लोला तर चार-पाच हजार पौंड सहज पडतात. इंग्लिश त्या मानाने अजून आवाक्यात आहे.

क्लेअरकाकू
मी अँग्लोवाली असूनही यांना अनुमोदन. एकच सांगते, व्यवहार करण्याआधी 'पटली नाही तर परत' हे लेखी घ्या.

सुरेल_अडाणी
नक्की काय वाजवणार आहात ते सांगितलंच नाहीत पण.

शलाका_शे
चांगला प्रश्न. शेफिल्डच्या आसपासच्या पबांत नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत इथली खास कॅरोल गातात, चर्चमधली नेहमीची नव्हेत, गावोगावच्या वेगळ्या चाली. अख्खा पब चार आवाजांत गातो. मला त्याला साथ करायची आहे. आणि घरी आईला व्हिडिओ कॉलवर 'सुंदर ते ध्यान' ऐकवायचं आहे. म्हणजे इंग्लिशच.

तर ठरलं. रमाकांतदादांनी म्हटलं तसा काँसर्टिनावाला सापडला. पोलादी रीड, ४४० ला लावलेली, नव्या झडपा, भाता घट्ट, सहा घड्यांचा. ९४० पौंड, वर्षाची हमी, चौदा दिवसांत परत करायची मुभा, लेखी. लाशनालच आहे, फक्त जाळी दुकानातलीइतकी नाजूक नाही. शनिवारी आणायला जातोय. नवऱ्याने स्वतःहून पेट्रोल भरून ठेवलंय.

नीरजा_ठाणे
अभिनंदन!! रेकॉर्डिंग टाका.

उगाच
भूप टाका. पाच बटणांचा.

काळीदोन
उत्तम निर्णय ताई. एक विचारायचं होतं. ती दुकानातली अजून तिथेच आहे का? माझा भाचा डर्बीला असतो, दिवाळीत येणार आहे. दुकानदार तीनशेपर्यंत उतरत असेल तर पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा.

क्लेअरकाकू
अहो! पितळी रीड, ४५२, चिकटपट्टी लावलेला भाता... पहिल्याच प्रतिसादात 'घेऊ नका' कोणी लिहिलं होतं?

काळीदोन
ते त्यांना सांगितलं होतं.